खाजणातले कोळंबीचे तळे: पाणी आणि गाळ यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली सगळीकडे एकच तळे धरून हिशेब दिला आहे: ५० गुंठे, म्हणजे अर्धा हेक्टर, सरासरी १.२ मीटर पाणी. हे झाले ६,००० घनमीटर. या तळ्यात १ पीपीएम (दशलक्ष भागांत एक भाग) मात्रा द्यायची तर ६ किलो माल लागतो. तुमचे तळे लहान-मोठे असेल तर त्या प्रमाणात आकडा बदला. कोळंबी व्हेनामी जातीची, चौरस मीटरला ४० बीज, अंदाजे अडीच टन उत्पादन असे गृहीत आहे.

पाणी हिरवेगार, छान दिसते. तरी कोळंबी खात नाही, कडेकडेने फिरते. पहिल्यांदा काय तपासू?

तळ. पाण्याच्या बाटल्या भरून प्रयोगशाळेत धावण्याआधी दोन इंची पीव्हीसी पाइपचा दीड मीटरचा तुकडा घ्या. तो तळाच्या मातीत वीतभर दाबा, वरचे तोंड तळहाताने घट्ट बंद करा आणि उचला. पाण्याबाहेर आल्यावर खालून माती अलगद ढकलून फळीवर काढा. वरचा २-३ मिलिमीटरचा थर तपकिरी आणि त्याखाली काळे असेल तर घाबरायचे कारण नाही. चिखलाची खालची माती काळीच असते. तो काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा, आणि ते स्वतः विषारी नसते. पण वरचा तपकिरी पापुद्रा नाहीसा होऊन काळेपणा थेट पृष्ठभागाला भिडला असेल, तर खाली तयार होणारा वायू अडवायला काही उरलेले नाही. कोळंबी राहते तळाला, खाते तळाला. तळ नासला की ती कडेला आणि वर येणारच.

असे सात-आठ ठिकाणी करा: मधोमध, कोपऱ्यांत, चेक ट्रेखाली (खाद्य उरले का ते पाहायची थाळी), एरेटरसमोर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) आणि एरेटरच्या पाठीमागे. सगळीकडे सारखे नसते. बहुतेक वेळा मधला १०-१५ टक्के भागच बिघडलेला निघतो आणि औषध मात्र सगळ्या पाण्यात ओतलेले असते. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी.

कोणते आकडे लक्षात ठेवायचे?

विरघळलेला ऑक्सिजन पहाटेसुद्धा ४ पीपीएमच्या वर. ३ च्या खाली कोळंबी खाणे सोडते, १ ते १.५ पर्यंत उतरला तर मरते.
पीएच ७.५ ते ८.५, आणि सकाळ-दुपारचा फरक अर्ध्या अंकापेक्षा जास्त नाही. हा फरक मूळ आकड्याइतकाच महत्त्वाचा.
खारेपणा १० ते २५ पीपीटी (हजार भागांत इतके भाग) उत्तम. व्हेनामी याहून बऱ्याच कमी-जास्त खारेपणातही जगते, अचानक बदल मात्र सोसत नाही.
अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, १०० ते १५० पीपीएम.
तापमान २८ ते ३२ अंश.
मुक्त अमोनिया ०.१ पीपीएमच्या आत.
हायड्रोजन सल्फाइड असूच नये. ०.०१ पीपीएमसुद्धा पुष्कळ झाले.
सेक्की तबकडी (पाण्यात सोडायची काळी-पांढरी तबकडी) दिसेनाशी होण्याची खोली ३० ते ४० सेंटिमीटर.

मोजायचे कधी? दुकानातली किट किती खरी?

ऑक्सिजन पहाटे ४ ते ६ च्या दरम्यान आणि दुपारी ३ च्या सुमारास. पीएचही त्याच दोन वेळांना. सकाळी १० वाजता घेतलेला ऑक्सिजनचा आकडा मनाचे समाधान करतो, एवढाच त्याचा उपयोग. मोजताना नमुना तळापासून वीतभर वरचा घ्या.

मीटरमध्ये खारेपणाची दुरुस्ती भरलेली नसेल तर ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. ३० अंशाला गोड्या पाण्यात साधारण ७.५ पीपीएम मावतो, २० पीपीटीच्या पाण्यात ६.८ च्या आसपास. पीएच पेन दर आठवड्याला ७ आणि १० च्या द्रावणात बुडवून जुळवा. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर दर वेळी डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आणा. बाटलीबंद पिण्याच्या पाण्याने नको.

अमोनियाच्या किटबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. किट एकूण अमोनिया दाखवते, मुक्त अमोनिया नाही, आणि विष आहे ते मुक्त अमोनियात. ३० अंशाच्या आसपास पीएच ८ असेल तर एकूण अमोनियाचा ५-६ टक्के भाग मुक्त असतो. पीएच ९ झाला की एक तृतीयांशाहून जास्त. म्हणजे किटवर तोच १ पीपीएम सकाळी निरुपद्रवी आणि दुपारी जीवघेणा असू शकतो. पीएच न लिहिता नुसता अमोनिया वहीत लिहून ठेवण्यात अर्थ नाही.

नवीन तळे खोदायचे आहे. जमीन कशी तपासायची?

आधी एक बंधन. कांदळवन तोडून तळे करता येत नाही, आणि महाराष्ट्रात कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित आहे. मुंबई उच्च न्यायालयाने हे २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. तेव्हा जागा ठरवताना आधी नकाशा आणि मग फावडे.

मातीचे म्हणाल तर कोकणात दोन वेगळ्या अडचणी एकाच तळ्यात भेटतात. तळाला खाजणाची चिकण माती आणि बांधाला डोंगरातून आणलेली जांभ्याची लाल माती. चिकण माती पाणी धरते, ते ठीक. लाल माती आम्लधर्मी, पीएच बऱ्याचदा ५ ते ६, आणि पावसात तिचे ओघळ थेट तळ्यात. बांध लाल मातीचाच करायचा असेल तर आतल्या उतारावर खाजणाच्या चिकण मातीचा थर द्या, गवत धरू द्या. शिवाय जांभ्याच्या बांधातून पाणी पाझरते. खेकड्यांच्या बिळांची त्यात भर. बांधाचा गाभा चिकण मातीचा चोपून भरला नाही तर पुढे पंपाचे बिल भरत बसावे लागते.

दुसरी अडचण जास्त वाईट. जिथे पूर्वी कधीकाळी कांदळवन होते तिथल्या खोल चिखलात पायराइट (लोह आणि गंधक यांचे खनिज) साठलेले असू शकते. ओले आहे तोवर त्याचा पीएच ७ दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. खोदून वर काढले, वाळले, हवा लागली की त्याचे सल्फ्युरिक आम्ल बनते. भेगांमध्ये फिकट पिवळे, गवताच्या रंगाचे डाग दिसले तर हाच प्रकार. खात्रीसाठी चमचाभर ओल्या मातीवर ३० टक्क्यांचा हायड्रोजन पेरॉक्साइड टाका. हातमोजे आणि चष्मा घालूनच, कारण ते उकळल्यासारखे फसफसते. शांत झाल्यावर पीएच मोजा. अडीच-तीनच्या खाली गेला तर ती जागा सोडलेली बरी. सोडता येत नसेल तर खोदाई उथळ ठेवा, वाळवणे-भरणे-धुणे असे चार-पाच वेळा करा, बांधाच्या उतारांवर चुना टाका आणि पहिल्या पावसाळ्यात बीज टाकू नका.

नमुना घेण्याची पद्धत: नागमोडी चालत ८-१० ठिकाणांहून वरचा १५ सेंटिमीटरचा थर घ्या, एकत्र मळून त्यातली अर्धा किलो माती सावलीत वाळवा. पीएचसाठी १ भाग माती, अडीच भाग डिस्टिल्ड पाणी. जिल्ह्याच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत पीएच, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब एवढे तरी करून घ्या. सेंद्रिय कर्ब दीड ते अडीच टक्के असला तर उत्तम.

चुना कोणता आणि किती?

तीन चुने, तीन कामे. शेतीचा चुना, म्हणजे दळलेला चुनखडक, माती आणि पाणी दोन्ही सावकाश सुधारतो. पाण्याचा पीएच तो उडी मारून वर नेत नाही. कळीचा चुना जहाल. तो रिकाम्या तळ्याच्या निर्जंतुकीकरणासाठी. विरलेला चुना या दोघांच्या मधला. डोलोमाइटमधून मॅग्नेशियमही मिळते.

मातीचा पीएच ७ पर्यंत आणायला शेतीचा चुना हेक्टरी असा लागतो: पीएच ६ ते ६.५ असेल तर ३ ते ५.५ टन, ५.५ ते ६ असेल तर ५.५ ते ८ टन, ५ ते ५.५ असेल तर ८ ते ११ टन. आपल्या अर्ध्या हेक्टरच्या तळ्याला याच्या निम्मा. पोती मोजली की डोळे फिरतात, पण दरवर्षी दोन पोती टाकून 'चुना मारला' म्हणण्यापेक्षा एकदाच पूर्ण मात्रा दिलेली स्वस्त पडते.

अर्धा चुना पसरून उथळ नांगरणी, उरलेला वर. जमीन किंचित ओली हवी. कोरड्या ढेकळांवर चुना वाऱ्याने शेजारच्या वाडीत जातो.

पीक निघाल्यावर तळ किती वाळवायचा? गाळ काढायचाच का?

वाळवण्याचा उद्देश मातीचे तापमान वाढवणे हा नाही. हवा आत जाऊ देणे हा आहे. ५ ते १० सेंटिमीटर खोल भेगा पडल्या आणि चालताना पाऊल सेंटिमीटरभरच रुतले की पुरे. याला साधारण १० ते १५ दिवस लागतात. त्यापुढे माती खडखडीत वाळवली तर कुजवणारे जिवाणूच झोपी जातात. ओल २० टक्क्यांच्या आसपास असताना त्यांचे काम सर्वांत जोरात चालते. म्हणून भेगा पडल्यावर ५-१० सेंटिमीटर उथळ नांगरून आणखी आठवडाभर सोडा.

आपल्याकडे हे जमण्याचा काळ ठरलेला. दुसरे पीक डिसेंबरात निघाले की जानेवारीची कोरडी हवा मिळते. पहिले पीक मे अखेर काढून जूनमध्ये तळ वाळवू म्हणणाऱ्याचा तळ ऑक्टोबरपर्यंत ओलाच राहतो. त्या वेळी मधला काळा गाळ ओला असतानाच काढून टाकण्याला पर्याय नाही.

गाळ सगळा खरवडायची गरज नसते. मधोमध साचलेला, बोटांना लोण्यासारखा लागणारा तेवढा काढा. खालची घट्ट माती खरवडत गेलात तर तळ खोल होतो आणि पुढच्या वेळी पाण्याचा निचरा होत नाही.

मागच्या पिकात ईएचपी (कोळंबीची वाढ खुंटवणारा सूक्ष्म परजीवी) आला असेल तर गोष्ट वेगळी. त्याचे बीजाणू मातीत टिकून राहतात आणि साध्या वाळवण्याला दाद देत नाहीत. हेक्टरी ६ टन कळीचा चुना, म्हणजे आपल्या तळ्याला ३ टन, कोरड्या मातीत १०-१२ सेंटिमीटर खोल मिसळायचा आणि मग पाणी मारून ओला करायचा. मातीचा पीएच १२ च्या वर गेला पाहिजे. तो गेला का हे मोजल्याशिवाय काम झाले असे समजू नका. चुना हवेत पडून मेलेला असेल तर पीएच १० वर अडकतो आणि ३ टनांचे पैसे पाण्यात. पीएच पुन्हा खाली येईपर्यंत तळे भरू नका. एक लक्षात असू द्या: एवढा चुना कुजवणाऱ्या जिवाणूंनाही मारतो. म्हणून रोग नसताना हा उपाय करू नये.

खाडीतून पाणी कधी उचलायचे?

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, भरती पूर्ण होण्याआधीच्या शेवटच्या तासात. तेव्हा समुद्राचे ताजे पाणी सर्वांत आत आलेले असते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला तेच जुने पाणी खाडीत पुढे-मागे होत असते, त्यात शेजाऱ्याने सोडलेले पाणीही आले. पावसाळ्याच्या कडेला खारे पाणी जड म्हणून तळाला राहते आणि वरून नदीचे गोडे पाणी वाहते. उघाडी (बांधातले फळ्यांचे दार) उघडून वरचे पाणी घेतलेत तर गोडेच मिळेल. पंपाचे तोंड खाली, पण चिखलापासून हातभर वर ठेवा.

प्रत्येक खाडीचा स्वभाव निराळा. दाभोळच्या खाडीत भर उन्हाळ्यातही वरच्या अंगाला पाणी गोडसर मिळते, कारण कोयना प्रकल्पातून वीज तयार करून सोडलेले पाणी वाशिष्ठीत येते. तिथे फक्त पंचांग बघून चालत नाही, रिफ्रॅक्टोमीटर घेऊन काठावर उभे राहावे लागते. वाशिष्ठी, सावित्री, कुंडलिका या नद्यांच्या काठी वरच्या अंगाला रासायनिक औद्योगिक वसाहती आहेत. या खाड्यांवर पाणी घेण्याआधी वास, फेस आणि मेलेले मासे एवढे तरी डोळ्यांखालून घाला.

आणखी एक, जे किटवर दिसत नाही. हापूसच्या बागांना मोहोरापासून फवारण्या सुरू होतात. सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन यांसारखी कीटकनाशके कोळंबीला अत्यंत अल्प मात्रेत मारतात. कीडही कवचवर्गाची नातलगच! अवकाळी पाऊस पडला की डोंगरउतारावरचे पाणी ओढ्याने खाडीत येते. त्यानंतरच्या दोन-तीन भरत्या सोडून द्या.

साठवण तळ्यासाठी एकूण क्षेत्राचा पाव भाग ठेवा. पाणी तिथे ३-४ दिवस निवू द्या, मग २००-२५० मायक्रॉनच्या जाळीच्या पिशवीतून आत घ्या. पिशवी दुहेरी बांधा आणि रोज धुवा. फाटलेल्या पिशवीतून आलेली बोयटाची पिल्ले आणि खेकड्यांची अंडी नंतर निवडून काढता येत नाहीत.

ब्लीचिंग पावडर टाकूनही रोग आला. असे का?

बहुधा पुढीलपैकी एक. पावडर जुनी होती. ३० टक्के क्लोरीनची पावडर उघड्या पोत्यात दमट हवेत महिन्याभरात निम्मी होते. किंवा आधी चुना टाकून पीएच वाढवला आणि मग ब्लीचिंग केले. क्लोरीनचा मारा पीएच ८ च्या खाली चांगला, त्यावर झपाट्याने घटतो. म्हणून क्रम नेहमी ब्लीचिंग आधी, चुना नंतर. किंवा पाणी गढूळ होते आणि क्लोरीन जंतूंऐवजी गाळावर खर्ची पडला.

मात्रा ६० पीपीएम पावडर, म्हणजे आपल्या तळ्याला ३६० किलो. संध्याकाळी, पाण्यात कालवून, एरेटर चालू ठेवून. पुढचे ४-५ दिवस ऊन आणि एरेटर. क्लोरीन किटवर शून्य दिसल्याशिवाय बीज तर नाहीच, प्रोबायोटिकही (उपयोगी जिवाणूंचे मिश्रण) नाही.

पावसाळ्यात नेमके काय बिघडते?

'पाऊस पडला, खारेपणा उतरला, कोळंबी मेली' हे वाक्य सगळीकडे ऐकू येते. हिशेब करून पाहा. १.२ मीटर पाणी १५ पीपीटीचे आहे आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला. पूर्ण मिसळल्यावर खारेपणा १३.८. तीनशे मिलिमीटरचा ढगफुटीसारखा दिवस धरला तरी १२. व्हेनामीला एवढ्याने काही होत नाही.

मारते ते दुसरेच. गोडे पाणी हलके, ते वर तरंगते आणि झाकणासारखे बसते. खालच्या खाऱ्या थराला हवा मिळत नाही, तळाचा ऑक्सिजन काही तासांत संपतो. त्यात आभाळ झाकलेले, म्हणजे हिरवे शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाही. दोन-तीन दिवसांनी हेच शेवाळ मरून तळाला बसते आणि गाळाचे ओझे एका रात्रीत वाढते. वरून बांधाची लाल माती आम्ल आणते, पीएच घसरतो, आणि पीएच घसरला की तळाचा सल्फाइड वायू जास्त विषारी होतो. पावसाच्या दिवशी नव्हे, तिसऱ्या-चौथ्या दिवशी मर लागते ती यामुळे.

म्हणून पाऊस सुरू होताच सगळे एरेटर चालू. 'पाऊस पाणी ढवळतोच आहे' म्हणून बंद करणारे बरेच भेटतात. पाऊस फक्त वरचे चार बोटे ढवळतो. उघाडीच्या वरच्या फळ्या काढून वरचे गोडे पाणी सतत बाहेर जाऊ द्या, खालच्या फळ्या घट्ट. खाद्य निम्मे करा, मुसळधार असेल तर ती पाळी चुकवा. बांधाच्या आतल्या उतारावर चुना आधीच शिंपडून ठेवा. पाऊस थांबल्यावर पीएच बघा, ७.५ च्या खाली असेल तर ५० किलो शेतीचा चुना रात्री पसरा. पुढचे चार दिवस पहाटेचा ऑक्सिजन न चुकता मोजा आणि खाडीचे पाणी आत घेऊ नका.

याची खरी तयारी मात्र मे महिन्यातली. अल्कलिनिटी १२० च्या वर ठेवलेले तळे पावसाचे आम्ल पचवते. ६० वर असलेले एका रात्रीत कोसळते. आणि पीक काढण्याजोगे झाले असेल तर दर वाढण्याची वाट बघत जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबणे हा जुगार आहे.

एरेटर किती आणि कुठे?

४०० ते ५०० किलो कोळंबीला १ अश्वशक्ती. अडीच टनाला ६ अश्वशक्ती, म्हणजे २ अश्वशक्तीची तीन पॅडलव्हील. जागा ऑक्सिजनइतकीच गाळासाठीही महत्त्वाची. बांधाच्या पायथ्यापासून ३-४ मीटर आत, सगळ्यांचा रोख एकाच गोल दिशेला, म्हणजे कचरा मधोमध गोळा होतो आणि कडेचा खाण्याचा पट्टा स्वच्छ राहतो. एकमेकांसमोर लावलेले एरेटर गाळ सगळीकडे उधळतात. बांधाला फार चिकटून लावले तर बांधच खणतात आणि ती माती मध्ये जाऊन बसते.

शेवटच्या महिन्यात पहाटे वीज गेली तर अर्धा तासही फार होतो. जनरेटर असून भागत नाही, तो आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष भार टाकून चालवून पाहावा लागतो. कोळंबी वर तरंगायला लागली असेल तर खाद्य बंद, साठवणीतले पाणी आत, ऑक्सिजनच्या गोळ्या त्या जागेपुरत्या. गोळ्या वेळ मिळवून देतात, एरेटरचे काम करत नाहीत.

अमोनिया वाढला. मळी किती टाकू?

आधी तो आला कुठून ते बघू. अडीच टन कोळंबीसाठी साधारण साडेतीन टन खाद्य जाते. ३५ टक्के प्रथिनांच्या खाद्यात ५.६ टक्के नत्र, म्हणजे १९६ किलो. काढलेल्या कोळंबीतून ७० किलोच्या आसपास बाहेर जातो. उरलेला १२० किलोहून जास्त नत्र पाण्यात आणि गाळात. युरियाची पाच-सहा पोती तळ्यात रिकामी केल्यासारखे. म्हणून पहिला उपाय नेहमी खाद्य: दोन-तीन दिवस ३० टक्के कमी. दोन तासांनी चेक ट्रेमध्ये दाणा उरलेला दिसला की पुढची पाळी कमी झालीच पाहिजे. आकड्यांचा तक्ता काही म्हणो.

मळीचा हिशेब असा. १ ग्रॅम अमोनिया-नत्र जिवाणूंनी खायला साधारण २० ग्रॅम पिष्ट-साखर लागते. एकूण अमोनिया १ पीपीएम म्हणजे ६ किलो नत्र, त्याला १२० किलो साखर, मळीत साखर निम्मी धरली तर २४० किलो मळी. हे एकदम टाकलेत तर जिवाणू एवढ्या जोरात वाढतात की रात्रीचा ऑक्सिजन संपतो. रोज ४० किलो, सकाळी १० नंतर, पाण्यात पातळ करून, सगळे एरेटर चालू, असे सहा दिवस. एरेटर कमी असतील तर मळीच्या वाटेला न जाता पाणी बदला.

विरलेला चुना या दिवसांत चुकूनही नको. पीएच वाढेल आणि असलेला अमोनिया जास्त विषारी होईल.

नायट्राइटचे काय?

खारेपणा १५ च्या वर असेल तर फार चिंता नको. पाण्यातले क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. ५ पीपीटीच्या खाली मात्र तोच आकडा धोकादायक. तिथे उपाय पाणी बदलणे आणि जमेल तेवढा खारेपणा वाढवणे.

सडक्या अंड्यांचा वास येतो. साखळी ओढून गाळ हलवू का?

साखळी पहिल्या आठवड्यापासून नेमाने ओढत असाल तर ओढत राहा. पन्नासाव्या दिवशी पहिल्यांदा ओढायची कल्पना सुचली असेल तर ती सोडा. साचलेला सगळा सल्फाइड एकदम पाण्यात येईल.

वास येत असेल तर त्या जागेवरचे खाद्य थांबवा, चेक ट्रे तिथून हलवा, शक्य असेल तर मधल्या नाळीतून गाळ उपसून बाहेर काढा. पीएच ७.८ ते ८.२ मध्ये धरून ठेवा. इथे अमोनियाच्या उलट आहे: पीएच ७ ला सल्फाइडचा निम्मा भाग विषारी वायूच्या रूपात असतो, ८ ला दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणून वास येत असताना मळी टाकून पीएच खाली आणणे म्हणजे रोगापेक्षा औषध जहाल.

पाणी एका रात्रीत पारदर्शक झाले. चांगले लक्षण का?

नाही. शेवाळ मेले, आणि ते आता तळाला आहे. ऑक्सिजन मोजा, खाद्य निम्मे करा, पृष्ठभागावरचा फेस-तवंग वाऱ्याच्या कडेला जमतो तो जाळीने काढा. दोन दिवसांनी साठवणीतले हिरवे पाणी १० टक्के आत घ्या. उलट तबकडी २० सेंटिमीटरलाच दिसेनाशी होत असेल तर ही पडझड होण्याआधीच रोज थोडे पाणी बदलायला लागा. रात्री पाणी चमकत असेल तर चमकणारे व्हिब्रिओ जिवाणू वाढले आहेत. तेव्हाही आधी खाद्य आणि तळ.

कवच मऊ राहते. खनिजे कोणती द्यावीत?

आधी अल्कलिनिटी मोजा. ती १० पीपीएमने वाढवायला आपल्या तळ्याला १०० किलो खाण्याचा सोडा लागतो. दिवसाला त्याहून जास्त वाढवू नका.

मग पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम. खारेपणाला अनुक्रमे १०.७, ३९.१ आणि ११.६ ने गुणा. ५ पीपीटीच्या पाण्यात साधारण ५३, १९५ आणि ५८ पीपीएम हवेत. खाडीच्या पाण्यात हे प्रमाण बहुधा जुळलेले असते, मात्र चिकण माती पोटॅशियम धरून ठेवते म्हणून तेच कमी पडते. १० पीपीएम पोटॅशियम वाढवायला १२० किलो म्युरेट ऑफ पोटॅश. खत दुकानातले चालते, 'मत्स्यशेतीसाठी खास' छापलेल्या पाकिटाची गरज नाही.

बोअरवेलचे पाणी मिसळू का?

जांभ्याच्या पट्ट्यातल्या पाण्यात लोह असते. उपसताना स्वच्छ, तासाभरात तांबूस. तो तांबूस कण कल्ल्यांवर बसतो. वेगळ्या टाकीत हवा मारून, दोन दिवस निवून मगच. आणि भूजल उपसून तळ्याचा खारेपणा उतरवणे हे तत्त्वतःच चुकीचे. शेजारच्या विहिरींत खारे पाणी शिरले की गाव उभे राहते, आणि त्यात गावाचे चुकत नाही.

झिओलाइट, प्रोबायोटिक: खरेच उपयोग होतो का?

झिओलाइट हा खनिज भुगा गोड्या पाण्यात अमोनिया धरतो. खाऱ्या पाण्यात सोडियम त्याच्या जागा आधीच अडवून बसतो, त्यामुळे नाव मोठे लक्षण खोटे. प्रोबायोटिक तळ सुरुवातीपासून राखण्यासाठी उपयोगी पडू शकते, ऑक्सिजन असेल तरच. काळ्या, हवा नसलेल्या गाळावर टाकलेले प्रोबायोटिक म्हणजे त्या गाळात आणखी थोडी भर.

पाणी सोडताना आणि गाळ टाकताना नियम काय?

किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाची नोंदणी २००५ च्या कायद्याने बंधनकारक आहे. व्हेनामीसाठी चौरस मीटरला जास्तीत जास्त ६० बीज आणि सांडपाणी शुद्धीकरणाचे तळे, तळ्यांच्या क्षेत्राच्या किमान १० टक्के, लागते. खाडीत सोडायच्या पाण्यात तरंगते कण लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत, बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) २० च्या आत आणि ऑक्सिजन ३ च्या वर हवा. काढणीच्या वेळचे शेवटचे वीत-दीड वीत पाणी सर्वांत घाण असते. निदान तेवढे तरी शुद्धीकरण तळ्यात दोन-तीन दिवस थांबलेच पाहिजे. रोग आला असेल तर सगळे पाणी आतच ब्लीचिंग करून, क्लोरीन शून्य झाल्यावर सोडायचे. शेजाऱ्याच्या पंपाचे तोंड तुमच्या उघाडीपासून फार लांब नसते.

गाळ खाडीत नको, बांधाच्या आतल्या उतारावर नको (पहिल्या पावसात तो परत आत), आणि भातखाचराच्या बाजूला तर नकोच. त्यात मीठ असते. बाहेरून चर काढून, उंचवट्यावर ढीग करा आणि एक पूर्ण पावसाळा धुऊ द्या, ढिगाचे पाणी चरातून शुद्धीकरण तळ्यातच जाईल असे बघा. पावसाळ्यानंतर विद्युत वाहकता तपासून तो माडांच्या आळ्यात घालता येतो, माड थोडे मीठ सोसतो. हापूसच्या कलमांना घालू नका.